गोधडीचा अभ्यासक्रम

गोधडी शिकवणारा वर्षभराचा अभ्यासक्रम काढावा, असे कुणी म्हटले की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे हसतात. खेड्यातली म्हणतात, ही काय शिकायची गोष्ट आहे? चार लुगडी अंथरायची आणि धावदोरा घालत सुटायचे. शहरातली म्हणतात, वर्ष कशाला, दोन दिवसांचे शिबिर पुरे. दोघांच्या हसण्यात समज एकच आहे. चिंध्या जोडणे हे गरिबाच्या गरजेचे काम, त्यात विद्या ती कसली? मी कवी माणूस, शिवणकामातला जाणकार नाही. पण ठिगळांच्या इतिहासाने मला बरीच वर्षे नादी लावले आहे, आणि तो इतिहास या समजाला दुजोरा देत नाही. चिंध्या जोडण्याचे शिक्षण फार जुने आहे आणि ते नेहमीच दीर्घ मुदतीचे होते. फक्त त्याला हजेरीपट नव्हता.

सुरुवात थोडी लांबून करतो. अकराव्या शतकात गझनीहून लाहोरला येऊन राहिलेले अली हुजविरी नावाचे सूफी होऊन गेले. लोक त्यांना दाता गंजबख्श म्हणतात. लाहोरला त्यांच्या दर्ग्यावर आजही गर्दी असते. त्यांनी 'कश्फुल महजूब' हा फारसी ग्रंथ लिहिला. सूफी विचारावरच्या फारसीतल्या अगदी आरंभीच्या ग्रंथांत तो मोडतो. त्यात एक संपूर्ण प्रकरण ठिगळांच्या अंगरख्यावर आहे. या अंगरख्याला मुरक्का म्हणत. मुरक्का म्हणजे ठिगळे जोडून केलेला. शब्द अरबी, पण परका नाही. आपल्या जुन्या मराठीत चिठ्ठीला रुक्का म्हणत, तो याच कुळातला. कापडाचा तुकडा काय आणि कागदाचा तुकडा काय, मूळ अर्थ तुकडाच. पुढे मोगल बादशहांनी चित्रांचे आणि सुलेखनाचे सुटे कागद एकत्र बांधून जे संग्रह करवले, त्यांनाही मुरक्का हेच नाव पडले. जहांगिराचा 'मुरक्का-ए-गुलशन' प्रसिद्ध आहे. फकिराची कफनी आणि बादशहाचा चित्रसंग्रह एकाच शब्दात मावतात, ही गोष्ट मला फार आवडते.

हुजविरी सांगतात, हा अंगरखा मागितला आणि मिळाला असे होत नसे. शिष्याला आधी तीन वर्षे काढावी लागत. पहिले वर्ष लोकांच्या सेवेचे, दुसरे ईश्वराच्या सेवेचे, तिसरे स्वतःच्या मनावर पहारा ठेवण्याचे. मग कुठे ठिगळांचे वस्त्र अंगावर येई. ते वस्त्र शिवावे कसे, याबद्दलही त्या काळी दोन पक्ष होते. एक पक्ष म्हणे, टाक्यांना शिस्त कशाला? सुई जिथे डोके वर काढील तिथून दोरा ओढावा. दुसरा म्हणे, नाही, टाका सरळ आणि सारखाच हवा, त्यासाठी कष्ट घ्यावेत. कारण हाताचे काम नीट असले तर मुळातले विचारही नीट आहेत असे समजावे. साडेनऊशे वर्षांपूर्वीचा हा वाद आजही मिटलेला नाही. चिंध्यांची कला शिकवणाऱ्या कुठल्याही वर्गात जा, एक बाई पट्टी घेऊन बसलेली दिसेल आणि दुसरी डोळ्यांच्या अंदाजाने कात्री चालवत असेल.

आपल्या महाराष्ट्रालाही ठिगळांचे वस्त्र अनोळखी नाही. गाडगेबाबांच्या (१८७६–१९५६) अंगावर चिंध्या जोडलेला झगा असे. कुणी त्यांना चिंधेबुवा म्हणे, कुणी गोधडे महाराज. पण साधुसंतांची कफनी बाजूला ठेवू. घराघरातल्या गोधडीची शाळा कशी चाले ते पाहू.

माझे लहानपण उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात गेले. आमच्याकडे गोधडी म्हणत, पलीकडच्या गल्लीत वाकळ म्हणत, बाळासाठी असेल तर दुपटे. कर्नाटकाच्या अंगाला गेले की तीच कौदी होते. उन्हाळ्यात ज्वारी घरात येऊन पडली, कामे हलकी झाली की दुपारी अंगणात नाहीतर देवळाच्या ओवरीत लुगडे अंथरले जाई. चार कोपऱ्यांवर दगड ठेवत, म्हणजे वाऱ्याने उडू नये आणि ताणही राहावा. मग बायका चहूबाजूंनी बसत.

मुलीचे शिक्षण सहाव्या-सातव्या वर्षी सुरू होई. पहिला धडा सुईत दोरा ओवण्याचा. म्हाताऱ्या बायकांची नजर अधू झालेली, त्यामुळे ओवलेल्या पाच-सात सुया उशीला टोचून तयार ठेवणे हे पोरींचे काम. या कामाला फी नव्हती, पण बसायला जागा मिळे आणि बघायला मिळे. दुसरा धडा उसवण्याचा. जुन्या सदऱ्याची शिवण फाडायची नाही, उसवायची. हाती आलेला दोराही टाकायचा नाही. तिसरा धडा निवडण्याचा. कुठले कापड विरलेले, कुठले अजून दणकट, कुठल्याचा रंग जातो, कुठले धुतल्यावर आटते, हे बोटांनी ओळखायचे. विरलेले मऊ कापड बाळाच्या दुपट्याला, जाडेभरडे पोटात, खणाचा तुकडा किंवा लुगड्याचा काठ वरच्या अंगाला. एवढे जमेपर्यंत पोर दहा-अकरा वर्षांची झालेली असे.

मग टाका. आधी थर हलू नयेत म्हणून लांब कच्चे टाके. ते जमले की कडेच्या धावदोऱ्यावर बसवत. कडेकडून एक चौकोनी फेरा, त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा, असे करत मध्यापर्यंत जायचे. चार बाजूंना चार बायका असल्या तर चौघींचा हात एकसारखा चालला पाहिजे, नाहीतर कापड एका अंगाला ओढले जाऊन मध्ये फुगवटा येतो. परीक्षा उलट्या बाजूने होई. गोधडी पालथी करून म्हातारी टाके बघे. खालच्या अंगाला टाका वरच्याइतकाच दिसला तर पास. आणखी एक परीक्षा पहिल्या धुण्याची. ओढ्यावर आपटल्यावर पोटातले कापड गोळा झाले नाही, तर शिवणारीचे नाव राही.

सगळ्यांत शेवटचा धडा तुकडे मांडण्याचा. कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग, मध्यभागी काय, कोपऱ्यात काय, हे ठरवण्याचा हक्क घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा. माझ्या अम्माला तो हक्क लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, दादीची नजर गेल्यावर मिळाला. म्हणजे हिशेब केला तर हा अभ्यासक्रम पंधरा-वीस वर्षांचा भरतो. अम्माने केलेल्या गोधडीत शेजारच्या काकूंच्या इरकली लुगड्याचे काठ असत आणि काकूंच्या वाकळेच्या पोटात आमच्या अब्बांची लुंगी असे. कुणाचे कापड कुठे गेले याची नोंद कुणी ठेवत नसे, आणि त्यात काही विशेष आहे असेही कुणाला वाटत नसे.

याच शाळेची एक वेगळी शाखा आपल्या शेजारी, उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी लोक राहतात. पोर्तुगीजांच्या काळात गुलाम म्हणून आफ्रिकेतून आणले गेलेले, गोव्याहून पळून सह्याद्रीच्या रानात आसरा घेतलेले, अशा लोकांचे ते वंशज. त्यांत मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदू आहेत. घरात बहुधा कोकणी बोलतात. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. त्या आधी ठिगळांचे कापड तयार करून मग शिवत नाहीत. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून, तुकड्याची कड दुमडत, ठेवत आणि शिवत कडेकडेने फिरतात आणि शेवटी मध्यावर पोचतात. पुढचा तुकडा कोणता हे आधीचा तुकडा शिवून झाल्यावर ठरते. कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची 'फुले' लावतात. ती नसली तर कवंदी त्यांना उघडी-बोडकी वाटते. हे काम कागदावर आखून शिकता येत नाही. हुजविरींच्या पहिल्या पक्षाची सुई इथे अजून चालते आहे.

मग ही विद्या वर्गात कधी आणि कशी गेली? त्यासाठी इंग्लंड आणि वेल्सकडे पाहावे लागेल. उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉर्ज गार्डिनर नावाचा एक गावातला दुकानदार गोधड्यांवर निळ्या पेन्सिलीने नक्षी आखून देत असे. लोक साधे कापड आणून देत, तो आखून देई, बायका घरी नेऊन त्या रेघांवरून टाके घालत. त्याच्याकडे शिकलेल्या एलिझाबेथ सँडरसन यांनी पुढे स्वतःच्या हाताखाली मुली तयार केल्या. म्हणजे तिथे उमेदवारी होती, गुरू होते. पण त्याबरोबर एक फाटाही फुटला होता. आखणारा वेगळा आणि शिवणारी वेगळी.

१९२६ च्या मोठ्या संपानंतर डरहॅम आणि दक्षिण वेल्समधल्या खाणकामगारांच्या घरांत हलाखी होती. तेव्हा १९२८ मध्ये 'रूरल इंडस्ट्रीज ब्युरो' या संस्थेने तिथल्या बायकांच्या गोधड्या लंडनला विकण्याची योजना काढली. कसबी बायका शोधल्या, चांगले रेशमी आणि सुती कापड पुरवले, दक्षिण वेल्समध्ये वर्ग काढले. जुन्या जाणत्या बायकांनी तरुणींना शिकवावे अशी कल्पना होती. १९३२ मध्ये लंडनच्या क्लॅरिजेस या बड्या हॉटेलाने आपल्या नव्या इमारतीसाठी या गोधड्या घेतल्या. कोळशाच्या धुळीत राहणाऱ्या बाईच्या हातचा टाका श्रीमंतांच्या पलंगावर गेला आणि तिच्या घरात चूल पेटली. योजना चांगलीच होती. पण १९३९ मध्ये युद्ध आले, कापड मिळेना, मागणी थांबली आणि सगळे बंद पडले. बाजाराच्या जोरावर उभी राहिलेली शाळा बाजाराबरोबर मिटली. तरी काही बायकांनी शिकवणे सोडले नाही. एमी एम्स या डरहॅमच्या बाई आईकडून शिकल्या आणि म्हातारपणापर्यंत शिकवत राहिल्या. १९८४ मध्ये त्यांना एम. बी. ई. हा ब्रिटिश सन्मान मिळाला.

दुसरी हकीकत अमेरिकेतली. अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या भागात गुलामगिरीतून सुटलेल्यांचे वंशज राहतात. तिथल्या काळ्या बायका कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या पिढ्यान् पिढ्या शिवत आल्या. नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, १९६६ मध्ये, त्या भागात 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची बायकांची सहकारी संस्था निघाली. मतदानाचा हक्क मागितला म्हणून ज्यांची रोजी गेली, त्या घरांना तिचा मोठा आधार झाला. १९७२ मध्ये सीअर्स या मोठ्या दुकानदार कंपनीने त्यांना कॉर्डरॉय कापडाच्या उशांच्या अभ्य्रांचे काम दिले. काम भरपूर होते, पण हजारो अभ्रे एकाच मापाचे आणि एकाच रीतीने शिवायचे होते. गंमत अशी की त्या कामातून उरलेले कॉर्डरॉयचे तुकडे बायकांनी घरी नेले आणि त्यांतून आपल्या मनाच्या गोधड्या केल्या. पुढे २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात गीज बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा आधुनिक चित्रांच्या तोडीची कला म्हणून ज्या गोधड्यांकडे लोक पाहत उभे राहिले, त्यांत असल्या उरलेल्या तुकड्यांच्याही होत्या. कारखान्याच्या मापाने हाताला काम दिले. नजर मात्र घरच्या गोधडीने राखली.

या दोन्ही हकीकती शेजारी ठेवल्या की प्रश्न स्पष्ट होतो. वर्ग काढून शिकवायचे काय? टाका शिकवायला वर्ग लागत नाही, तो चार महिन्यांत बसतो. घरोघरी पंधरा-वीस वर्षांनी जो शेवटचा धडा मिळे, तो मांडणीचा धडा वर्गात शिकवता येतो का? की तो दुसऱ्याच कुणी, शहरात बसून, निळ्या पेन्सिलीने आखून द्यायचा?

या प्रश्नाला एक चांगले उत्तर कच्छमध्ये दिले गेले. ज्यूडी फ्रेटर या अमेरिकन अभ्यासक बाईंनी तिथल्या रबारी आणि इतर समाजांच्या भरतकामाचा दीर्घकाळ अभ्यास केला होता. १९९३ मध्ये कला रक्षा ही संस्था सुरू झाली. भरतकाम, ठिगळकाम करणाऱ्या बायका तिच्यात होत्या. अनुभव असा येई की शहरातून शिकलेला डिझायनर नमुना घेऊन येतो आणि पिढ्यांची विद्या हातात असलेली बाई त्याच्या हाताखालची मजूर होते. म्हणून २००५ मध्ये कला रक्षा विद्यालय निघाले. विद्यार्थी कारागीरच, म्हणजे ज्यांना टाका किंवा विणकाम आधीच येते असे लोक. अभ्यासक्रम वर्षभराचा, पण सलग नाही. दोन-दोन आठवड्यांची सहा सत्रे. बाईने दोन आठवडे यायचे, शिकायचे, मग घरी जाऊन घर, गुरे, मुले सांभाळत दिलेला अभ्यास करायचा आणि पुन्हा यायचे. बायकांचे वर्ग वेगळे, पुरुषांचे वेगळे. आधी रंग, मग मांडणी, मग बाजार म्हणजे काय, मग स्वतःची एखादी कल्पना घेऊन ती शेवटापर्यंत नेणे, आणि अखेरीस आपले काम लोकांपुढे मांडणे. २०१४ मध्ये याच धर्तीवर आदिपूरला सोमैया कला विद्या ही संस्था सुरू झाली.

यातली मला पटलेली गोष्ट म्हणजे त्या सत्रांमधली मोकळी जागा. शिकलेले घरच्या अंगणात नेऊन मुरवायला वेळ ठेवला आहे. दुसरी गोष्ट, नमुना बाहेरून आलेला नाही. बाईच्या पेटीत जे जुने काम आहे तेच तिचे पाठ्यपुस्तक आहे.

आता आपल्याकडे वळू. आमच्या भागातल्या काही बायका गेली काही वर्षे एका शहरी विक्रेत्यासाठी गोधड्या शिवतात. कापड त्याचे, नवे कोरे, तीन ठरलेल्या रंगांचे. नमुना कागदावर आखून येतो. गोधडी तयार झाली की तिच्यावर त्याच्या नावाची चिठ्ठी लागते. मोबदला येतो, तो वाईट आहे असे नाही, आणि बायकांना त्याची गरज आहे. पण त्यांतली एक मला म्हणाली, या गोधडीत मी कुठेच नाही. तिला चार पैसे मिळतात याला मी नावे ठेवणार नाही. पण तिच्या मुलीला या कामात शिकण्यासारखे काय उरले, हा प्रश्न मला सोडत नाही. आखलेल्या रेघेवरून टाका घालणे एवढेच उरले असेल, तर उद्या ते यंत्र करील, आणि जास्त सरळ करील.

घरची जुनी शाळाही आता भरत नाही. सुती लुगडी आणि धोतरे गेली. पॉलिस्टरच्या साड्या बोहारणीला देऊन भांडी घेतली जातात. शिवाय त्या कापडाचे थर एकमेकांवरून सरकतात आणि घामही टिपत नाहीत. बाजारात स्वस्त ब्लँकेट मिळते. मुली शाळा-कॉलेजात जातात ही तर आनंदाचीच गोष्ट, त्यांनी ते सोडून सुया ओवत बसावे असे मी कधीच म्हणणार नाही. पण त्यामुळे शिकवणाऱ्या हातांची पिढी आणि शिकणाऱ्या हातांची पिढी एका अंगणात बसत नाहीत. मांडणीचा हक्क ज्यांच्याकडे होता त्या बायका आज साठी-सत्तरीच्या पुढे आहेत.

म्हणून मला वाटते, आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत गोधडीचा अभ्यासक्रम निघावा आणि तो वर्षभराचाच असावा. कच्छसारखा तुकड्या-तुकड्यांनी, पेरणी-सुगी टाळून. शिक्षक म्हणून आधी गावातल्या म्हाताऱ्या बसवाव्यात, त्यांना मानधन द्यावे, आणि चित्रकलेच्या मास्तरांनी त्यांच्या शेजारी बसावे. पहिल्या सत्रात प्रत्येकीने घरातली जुनी गोधडी आणावी आणि ती वाचायला शिकावे. हे कापड कुणाचे, हा रंग इथेच का, हा फेरा इथे का वळला. दुसऱ्यात उसवणे आणि कापड पारखणे. टाका सरळ हवा की मनासारखा, यावर हुजविरींच्या काळासारखा खुशाल वाद व्हावा, दोन्ही पक्षांना जागा असावी. शेवटच्या सत्रात प्रत्येकीने एक गोधडी कुणाच्याही आखणीशिवाय पुरी करावी आणि कोपऱ्यात आपले नाव टाक्यांनी घालावे. विक्री त्यानंतर. नाव आधी घातले गेले की दुकानदाराला चिठ्ठी लावताना जरा विचार करावा लागेल.

हे काम सरकारने करावे, महिला बचत गटांनी करावे की एखाद्या महाविद्यालयाने, हे ज्याचे त्याने ठरवावे. सुरुवातीला मोठी इमारत लागणार नाही. एक सारवलेले अंगण, चार दगड, सहा-सात सुया आणि एक म्हातारी पुरेल. यातले दगड आणि सुया कधीही मिळतील. म्हातारीला मात्र याच वर्षी बोलावलेले बरे.